मामंजींना कानाचं मशीन लावल्यापासून पेटी बेसूर ऐकू येते. काकडा आठवड्यावर आलाय

मांजराकाठची | ३० सप्टेंबर २०२५

नमस्कार. प्रश्न कानाचाही आहे आणि पेटीचाही. कुठं विचारावा कळेना म्हणून इथं लिहिते. जरा लांबण लागेल.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, मांजरेच्या काठाला, धनेगावच्या धरणाच्या खालच्या अंगाला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे. गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी त्यांचीच. २००९ साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्या कार्तिकात पहाटे साडेचारला देवळातून त्यांची पेटी ऐकू यायची आणि मी चुलीपुढं बसलेली असायची. माहेरी गाण्याचं कुणी नव्हतं. सासरचं घर मला ओळखीचं झालं ते त्या पेटीनं. हळूहळू मला पीठ मळता मळता कळायला लागलं, आज सूर वर धरलाय, आज कुणाचा तरी घसा बसलाय म्हणून खाली घेतलाय.

तीन-चार वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. "गोळी घेतली का?" विचारलं की म्हणायचे, "बांधली की गोठ्यात." त्यांना शेळी ऐकू यायची. आमच्या ह्यांना वाटलं विस्मरण सुरू झालं. मला तसं वाटत नव्हतं, कारण कोणता अभंग कुठल्या चालीत हे त्यांना झोपेतही आठवतं. शेवटी श्रावणात एक कालवड विकून लातूरच्या एका दुकानातून दोन्ही कानांची मशीनं घेतली, ५२ हजारांची जोडी. दुकानात डोक्यावर पंखा चालू असताना दहा मिनिटांत तपासणी झाली.

बोलणं ऐकू यायला लागलं, हे खरं. नातीचं पुस्तक वाचणं त्यांनी किती दिवसांनी ऐकलं. पण त्याच आठवड्यात भजनाला बसले, सूर धरला आणि हात काढून घेतला. म्हणाले, "पेटी बेसूर बोलायली." परत धरला, परत काढला. लांब सूर धरला की तो पाण्यात पडल्यावानी थरथरायलाय, मधेच बारीक होऊन जायलाय, असं सांगतात. मशीन काढून बसले तर गाणाऱ्याचा शब्द कळत नाही आणि पेटी मागं राहते. दोन वेळा तसं झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी पुसली, धोतराच्या पानात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि मंडळाला निरोप दिला की यंदा काकड्याला दुसरा माणूस बघा.

मग हा पाऊस. सप्टेंबरभर मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच. धरणातून पाणी सोडलं त्या रात्री देवळाच्या भोंग्यावरून गावाला उठवलं. मामंजी गोठ्यात झोपलेले, मशीनं डबीत. सगळं गाव जागं झालं, ते झाले नाहीत. आमचे हे गुडघाभर पाण्यातून गेले आणि त्यांना हलवून उठवलं. ज्या भोंग्यावर चाळीस वर्षं त्यांची पेटी वाजली तो त्यांना ऐकू आला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

आता तीन एकर सोयाबीन पाण्यात. ते दिवसभर टीव्हीपुढं असतात, आवाज शेवटपर्यंत चढवलेला, नजर खालच्या पट्टीवर. परवा उपकेंद्रातल्या सिस्टरनी बीपी मोजला, १७० वर १००. घरचे म्हणतात, पिकाचं दुःख आहे, पेटीचं काय घेऊन बसलीस. पण पेटी माळ्यावर गेली श्रावणात. तेव्हा पीक कंबरेएवढं उभं होतं.

मशीनमुळं असं होतं का? का अजून महागाचं घ्यावं लागेल? कोजागरीला काकडा उभा राहतो. आज मंगळवार, कोजागरी सोमवारी.

---

पेटी_दुरुस्ती_नांदेड | ३० सप्टेंबर

ताई, आधी एक गोष्ट नक्की करा. पेटी खरंच उतरलेली नाही ना? असल्या पावसाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या दहांतल्या सहा पेट्या दमटपणानं बिघडलेल्या असतात. पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो, सूर कानभर खाली जातो. चामडं फुगतं, वारा कुठून तरी निसटतो आणि लांब सूर मधेच दबतो. तुम्ही सांगता ते लक्षण त्याच्याशीही जुळतं. मोबाईलवरचा तंबोरा लावून दुसऱ्या जाणत्या माणसाकडून एकेक पट्टी तपासून घ्या. आणि माळ्यावर धोतरात गुंडाळून ठेवू नका हो! कापड ओल धरतं. खोक्यात ठेवा, झाकण दिवसातून एकदा उघडा.

---

मांजराकाठची | ३० सप्टेंबर

दादा, शेजारच्या गावचे पेटीवाले बोलावले होते. त्यांनी अर्धा तास वाजवून पाहिली, पेटी सुरात आहे म्हणाले. मामंजी समोर बसून मान हलवत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. पेटी मात्र आत्ताच खाली काढली, धोतर सोडलं.

---

औसेकर | ३० सप्टेंबर

आज ३० सप्टेंबर. किल्लारीच्या भूकंपाला ३२ वर्षं झाली. मी तेव्हा ११ वर्षांचा. गणपती बोळवून गाव झोपलं होतं, चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्या मंडळातली निम्मी माणसं गेली. वडिलांचे टाळ ढिगाऱ्यात सापडले, पण त्यांनी ते दोन वर्षं हातात धरले नाहीत. गावातल्या लोकांनी फार आग्रह केला. त्या आग्रहाचा त्यांना त्रासच झाला.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय, ताई, की कोजागरीची तारीख धरू नका. शेत गेलेल्या माणसाला पहाटे उठून गाणं नको वाटू शकतं. त्याला तसं राहू द्यावं.

---

मांजराकाठची | ३० सप्टेंबर

तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आग्रह करणार नाही. पण दादा, त्यांना नको असतं तर मी विचारलंही नसतं. ते मांडीवर बोटं वाजवतात. टीव्हीवर धरणाचे दरवाजे दाखवत असतात आणि मामंजींची बोटं चाल वाजवत असतात.

---

कानाचं_बोलू | १ ऑक्टोबर

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, संभाजीनगरला असते. सासऱ्यांना न तपासता नक्की सांगता येणार नाही, पण त्यांचं म्हणणं अगदी विश्वासानं ऐका. पेटी, बासरी वाजवणारे बरेच जण मशीन लावल्यावर हेच सांगतात.

कारण असं. कानातल्या मशीनचा स्वतःचा आवाज माईकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. ती दाबायला मशीनमध्ये फीडबॅक कॅन्सलेशन असतं. ते एकसुरी, लांबलेला आवाज शोधत असतं, आणि पेटीचा धरलेला सूर नेमका तसाच असतो. मशीनला ती आपलीच शिट्टी वाटते, मग ते सूर कापतं किंवा किंचित सरकवतं. पाण्यात पडल्यासारखी थरथर ती हीच. दुसरं, गोंगाट कमी करणारी सोय पंख्यासारखा सलग आवाज हळूहळू खाली घेते. धरलेला सूर "बारीक होऊन जायलाय" हे त्यामुळं असू शकतं. काही मशीनं वरच्या पट्टीतले आवाज खाली आणून ऐकवतात, त्यानं शब्द कळतो पण सूर मोडतो. मशीन बोलण्यासाठी लावलेलं असतं, गाण्यासाठी नाही. महागडं घेतलं तरी सेटिंग तेच राहिलं तर हेच होईल.

त्याच मशीनमध्ये दुसरा प्रोग्राम करून मागा. त्यात फीडबॅक कॅन्सलेशन बंद किंवा अगदी कमी, नॉइज रिडक्शन बंद, आवाज खाली सरकवणं बंद, माईक सगळ्या बाजूंनी उघडा आणि मोठ्या आवाजाला मशीन जो दाब देतं तो सौम्य. बोलण्याचा पहिला प्रोग्राम आहे तसाच ठेवायचा. बटण दाबलं की बदलतो. हे कागदावर लिहून न्या. आणि पेटी सोबत न्या. दुकानदाराच्या संगणकावर सूर दिसत नाही, तो मामंजींच्या कानालाच कळेल.

त्याआधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, मळ काढून बंद खोलीत नीट ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. पंख्याखालच्या दहा मिनिटांवर लावलेलं मशीन नीट बसणार नाही. घरी एक करून बघा: मशीन काढायचं, पेटीवर एकच सूर धरायचा, आधी डावा कान बोटानं बंद, मग उजवा. दोन्ही कानांना तो सूर वेगळा लागत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही जणांना एका कानात सूर थोडा चढा किंवा उतरता ऐकू येतो, तो दोष कानाच्या आतला, मशीनचा नव्हे. आणि कधी एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळी-शेळीबद्दल: वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. मग शब्दातले स्वर कळतात, व्यंजनं निसटतात, माणूस अंदाजानं उत्तर देतो. घरच्यांना ते विस्मरण वाटतं. बीपीकडं मात्र वेगळं लक्ष द्या, १७० सोडून देण्यासारखा नाही.

---

मांजराकाठची | १ ऑक्टोबर

डॉक्टरताई, तुमचं लिहिलेलं मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. "मशीनला ती आपलीच शिट्टी वाटते" इथं त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी येडा नाही झालो." एवढे दिवस हे त्यांच्या मनात होतं आणि आम्हाला माहीत नव्हतं.

उद्या दसरा. परवा शुक्रवारी अंबाजोगाईच्या स्वारातीला, म्हणजे सरकारी दवाखान्याला नेते.

---

गंगाखेडचा_टाळकरी | २ ऑक्टोबर

माझं वय ६३, मशीन डाव्या कानाला. अनुभवाचं सांगतो. भजनात पेटीवाला बसतो कुठं? दोन्ही बाजूंनी टाळकऱ्यांच्या ओळी आणि मधे हा. टाळ कानापासून हातभर. मला तपासणाऱ्या डॉक्टरनं समजावलं होतं की ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. बंद देवळात वीस टाळ म्हणजे ८५ कुठल्या कुठं मागं पडतात. चाळीस वर्षांत मामंजींच्या कानाला हेही लागलं असेल. आमच्यात आता टाळकरी दोन पावलं मागं उभे राहतात. सुरुवातीला जुनी माणसं रागावली, आता सवय झाली.

दुसरं, भोंग्याचं. आमच्या गावात गोदावरीला पाणी आलं तेव्हा आम्ही ज्यांना ऐकू येत नाही अशा सात म्हाताऱ्या माणसांची यादी केली आणि प्रत्येकाला एक पोरगं नेमून दिलं. रात्री काही झालं की त्यानं जाऊन हात लावून उठवायचं. सरपंचांना सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

---

मांजराकाठची | १२ ऑक्टोबर

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. घरात पंचनाम्याची गडबड होती.

शुक्रवारी स्वारातीला गेलो. लाल परीत मामंजींचं तिकीट फुकट, माझं अर्धं, आणि पेटी माझ्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, कुठं कार्यक्रम आहे का. डाव्या कानात मळाचा खडा निघाला. तपासणी बंद खोलीत, नीट वेळ घेऊन झाली. डावा कान उजव्यापेक्षा बराच खाली आहे. बोटानं कान बंद करायचं मी घरी करून पाहिलं होतं: डाव्याला काळी चारचा सूर थोडा चढा लागतो, मळ काढल्यावरही. डॉक्टर म्हणाले, तो तसाच राहील असं धरून चाला. बीपीची गोळी बदलून दिली.

शनिवारी कागद आणि पेटी घेऊन लातूरच्या दुकानात. आधी मुलगा म्हणाला, या मॉडेलला गाण्याचा प्रोग्राम येत नाही. मी तुमचा कागद पुढं ठेवला. त्यानं कुणाला तरी फोन लावला, मग मशीनमध्ये दुसऱ्या प्रोग्रामची जागा रिकामी आहे म्हणाला. एकेक गोष्ट बंद करत गेला. मामंजी जमिनीवर बसून सूर धरत होते. "अजून हलायलाय." परत संगणक. "आता कमी." परत. चौथ्या वेळी ते काही बोललेच नाहीत, वाजवत राहिले. दोन अभंग झाले. मुलगा कीबोर्डवरचा हात उचलून तसाच बसला होता.

औसेकर दादा, मी त्यांना कोजागरीचं एकदाही बोलले नाही. सोमवारी रात्री त्यांनीच विचारलं, धोतर वाळलंय का.

आता भजनात फक्त उजव्या कानाला मशीन, डावं डबीत. टाळकरी तीन हात मागं. लांब सूर अजून थोडा हलतो म्हणतात, म्हणून ते आता फार लांब धरत नाहीत, छोट्या जागा घेतात. मला चुलीपुढं बसून तो फरक कळतो. बीपी काल १५० वर ९०. बातम्या बघतात, पण आवाज मी म्हणेन तेवढाच. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा सगळं स्वतः बोलले, मला मधे पडावं लागलं नाही. सात नाही, आमच्या गावात अकरा माणसं निघाली यादीत.

एक शेवटचं विचारते. पहाटे दव फार पडतंय, मशीन ओलं होतं आणि बॅटरी चार दिवसांत जाते. ओल शोषणाऱ्या खड्यांची डबी मिळते म्हणे. कुणी वापरतं का, आणि ते खडे किती दिवसांनी बदलायचे?