उत्तर: लॉकडाऊनमधलं अपेंडिक्स
कुणीतरी म्हटलंय, कोरोनामुळे अपेंडिक्स जास्त फुटायला लागले. विषाणूमुळे नव्हे हो, उशिरामुळे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथे सोलापुरात, विडी घरकुल या वसाहतीत राहणारा माझा मावसभाऊ तीन दिवस ओवा-सोडा घेत बेंबीभोवतीची कळ सोसत बसला. दुखणं उजवीकडे खाली सरकलं तरी भीती एकच, ‘दवाखान्यात गेलो तर क्वारंटाइन करतील’. पोट उघडलं तेव्हा आत पू पसरलेला.

पण एकूण रुग्णांत फुटलेल्यांची टक्केवारी जरा जपून वाचा. तेव्हा अनेक देशांत अपेंडिक्सचे एकूण रुग्णच कमी आले. साधी सूज काहींची घरीच, काहींची अँटिबायोटिकवर उतरली असणार. ज्याने भागायचं तो एकूण रुग्णांचा आकडाच लहान झाला की फुटलेल्यांचं प्रमाण आपोआप फुगतं. त्यामुळे मी तरी आधी फुटलेल्यांची नुसती संख्या बघतो.