फ्लोरिडाची बातमी आणि आमच्या वाड्यातला बॉल पायथन

दांडियाबाजारवाला: मंडळी डोकं उठलंय. माझ्याकडे बॉल पायथन आहे, आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर, साडेतीन फुटी, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेला, कागद सगळे आहेत. काल टीव्हीवर फ्लोरिडाच्या अजगरांवर बातमी, खाली पट्टी "पाळलेल्या सापांनी गिळलं जंगल", मागे भुताचं म्युझिक आणि दाखवला कोण तर बॉल! अरे एव्हरग्लेड्समधे, तिकडच्या दलदलीत, पसरलाय तो बर्मीज अजगर, २०२३ मधे १९ फुटांचा सापडलाय तिकडे, आणि आमचा हा उंदीर समोर ठेवला तरी दोन दोन दिवस तोंड फिरवून बसतो. आता वाड्यातल्या मावशी म्हणतात पूर आला की हा आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत जाणार आणि कमाटीबागेपर्यंत पिल्लं होणार. प्रत्येक वेळी आपणच का चोर? काय सांगू त्यांना?

कारेलीबाग_७: सांगा की विश्वामित्रीत मगरी आहेत, एका घासात विषय संपला.

सरडेप्रेमी: कारेलीबाग हाहा. पण खरंच, हे टीव्हीवाले पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाची बातमी का नाही करत? दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी झाडसाप तिथे पोचला आणि जंगलातले बहुतेक देशी पक्षी संपवले, तो काही कुणाच्या घरातून सुटला नव्हता. फ्लोरिडातही १९९२ च्या अँड्र्यू वादळात एका ब्रीडरची शेड उडाली त्यावरून जगभरचे पाळणारे बदनाम.

सापवाले_काका_मांजलपूर: वादळाचं कारण आपल्याला फार सोयीचं पडतं बरं का. एव्हरग्लेड्समधे बर्मीज १९७९ मधेच सापडला होता, वादळाच्या कितीतरी आधी. पिल्लू असताना हौसेने घेतला, दहा फुटांचा झाला, आता ठेवायचा कुठे, मग द्या दलदलीत सोडून, हे पाळणाऱ्यांनीच केलंय. २००० पर्यंत तो तिथे स्थायिक होऊन पिल्लं घालतोय हे शास्त्रज्ञांनी मान्य केलं, आणि २०१२ च्या अभ्यासात रात्री गाडीतून रस्त्यावर दिसणारे प्राणी मोजले तर रॅकून ९९ टक्के कमी. ही म्युझिकवाल्यांनी रचलेली गोष्ट नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. अशी बातमी चालली की आमचे फोन सुरू होतात, "अ‍ॅनाकोंडा निघालाय या लवकर". जाऊन बघावं तर धामण. कधी आपलाच देशी अजगर, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधला, आणि आम्ही पोचेपर्यंत त्याला काठ्या बसलेल्या. आणि उलटंही होतं ते तर जास्त वाईट, अजगराचं पिल्लू म्हणून पोरं मोबाइल काढून जवळ जातात आणि असते ती घोणस, इथे खडचितळो म्हणतात ती. बातमीत दोन मिनिटं फरक दाखवला असता तर काय बिघडलं असतं?

आणि दांडियाबाजार, मावशी अगदीच चूक नाहीत. एकटा बॉल काही पिल्लं घालून नदी भरणार नाही हे खरं, पण २०२४ च्या ऑगस्टमधे पुरात लोकांच्या अंगणात मगरी आल्या होत्या ना? तेव्हा एका घरी गेलो होतो, कॉर्न स्नेकचा (पाळायचा बिनविषारी परदेशी साप) टँक जमिनीवर, झाकणाला रबर बँड, टँक तरंगून उलटा. मालक शांतपणे म्हणतो इथेच असेल कुठेतरी. तुमचा टँक कुठे असतो?

दांडियाबाजारवाला: ...खाली ओसरीवर. झाकणावर दोन विटा आहेत.

सापवाले_काका_मांजलपूर: विटा!

सरडेप्रेमी: बरं काका पटलं. पण मग २०१७ मधे तमिळनाडूचे दोन इरुळा, साप पकडण्यात तरबेज जमातीतले, फ्लोरिडात जाऊन आठवड्याभरात १३ अजगर पकडून आले, तिकडचे शिकारी बघत राहिले, त्यावर कुणी पट्टी चालवावी की.

दांडियाबाजारवाला: ही गोष्ट मावशींना आवडेल. टँक आज माळ्यावर चढवतोय, कडीकुलूप उद्या मंगळबाजारातून आणतो. माळ्याची किल्ली मात्र त्यांच्याकडेच आहे, म्हणजे आधी त्यांनाच पटवायला हवं. सेव उसळ घेऊन जातो.