निसर्गाच्या नावावर बिल फाडू नका

आडवाट
काल 'मध्यममार्गी' यांनी चार ओळींत विषय मिटवला. स्त्रीसौंदर्याचे निकष कुणी लादलेले नाहीत, उत्क्रांतीतून आलेत, कंबर-नितंबांचं ०.७ गुणोत्तर (कंबरेचा घेर नितंबांच्या घेराच्या ०.७ पट) जगातल्या यच्चयावत पुरुषांना आवडतं. बाकी सगळं रडगाणं. प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

०.७ आलं कुठून? मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांनी १९९३ मध्ये पुरुषांना बायकांची रेखाचित्रं दाखवून पसंती विचारली, तिथून. १९९८ मध्ये यू आणि शेपर्ड यांनी पेरूच्या जंगलातल्या मात्सिगेंका लोकांना तसंच विचारलं. सगळ्यात आडबाजूच्या पुरुषांनी अंगाने भरलेली, सरळसोट कंबरेची बाई निवडली. बाहेरच्या जगाशी जसजसा संबंध वाढत गेला, तसतशी आवड आपल्या वळणावर.

चीनमध्ये हजारएक वर्षं पोरींची पावलं मोडून, बोटं तळव्याखाली दुमडून बांधत होते. ती लडखडती चाल मोहक वाटायची म्हणे. हे कुठल्या जनुकात लिहिलं होतं? युरोपात शेतावरची बाई उन्हात रापायची, तोवर पांढरीफटक कातडी खानदानी. मग काम छपराखाली गेलं आणि १९२०च्या दशकात मुद्दाम उन्हात लोळून रापणं ही चैन झाली. बहुतेकींना जे परवडत नाही ते सुंदर. यात निसर्ग कुठे दिसला तुम्हाला? मला तर सावकार दिसतो.

मध्यममार्गी
ताई, तुम्ही चिडून लिहिताय. मी 'फक्त उत्क्रांती' असं म्हटलेलंच नव्हतं. पण लँगलॉइस यांच्या १९८७ च्या प्रयोगाचं काय करता? मोठ्यांनी जे चेहरे आकर्षक ठरवले, त्यांच्याकडेच दोन-तीन महिन्यांची तान्ही बाळंही जास्त वेळ बघत राहिली. त्या बाळांना कुठल्या सावकाराने शिकवलं?

आडवाट
मी दादा आहे. या विषयावर चिडणारी बाईच असणार, हे कुठल्या गुणोत्तरातून काढलंत?

बाळांचं मान्य. चेहऱ्यापुरतं मान्य. पण बाळ नुसतं बघतं. 'ही नीटनेटकी दिसते, म्हणजे स्वभावानेही चांगली असणार' असं काही ते ठरवत नाही. ते आपण ठरवतो, आणि माझं भांडण तिथे आहे.

सांजसावली
प्रयोग राहू द्या बाजूला. आम्ही दोघी बहिणी. ती 'देखणी', मी 'हुशार'. आम्हाला वाचताही येत नव्हतं तेव्हा घरात ही वाटणी झाली. गणितात ती माझ्यापेक्षा बरी होती, खरंच होती. पण तिला चांगले मार्क पडले की 'पेपर सोपा होता का गं?' आणि मला कमी पडले की 'बरं नव्हतं का?' दहावीनंतर तिने गणित सोडलं. आणि मी तिशीपर्यंत आरशासमोर दोन मिनिटांच्या वर उभी राहिले नाही, कारण ते माझं खातंच नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तेच. फक्त इथे आवडतीचंही अळणीच निघालं.

पाटीपेन्सिल
सांजसावली, तुमच्या गोष्टीचा प्रयोग झालेला आहे. १९७७, स्नायडर, टँक आणि बर्शाइड. अनोळखी मुलगा-मुलगी फोनवर बोलणार. मुलाला आधी एक फोटो देतात, कधी देखण्या मुलीचा, कधी साध्या दिसणारीचा. फोटो तिचा नसतोच आणि तिला यातलं काही माहीत नसतं. नंतर तिऱ्हाइतांना फक्त मुलीचा आवाज ऐकवला. ज्यांना 'देखणी' समजून बोललं गेलं, त्या मुली ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, जास्त लाघवी वाटल्या. मुलगा गोड बोलला, ती खुलली, आणि तो मात्र 'बघा, देखण्या मुली गोडच असतात' म्हणत फोन ठेवणार. साचा टिकतो तो असा. खरा असावा लागत नाही, आपणच तो खरा करून दाखवतो.

विरळकेशी
सगळं बायकांचंच चाललंय. पुरुषांचं काय? चोविसाव्या वर्षी माझं कपाळ मानेपर्यंत गेलं. ऑफिसात माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस मला काका म्हणायचा. टक्कल म्हणजे पैसा म्हणणाऱ्यांना पासबुक दाखवायला तयार आहे.

तिरशिंगराव
विषय काय, तुम्ही बोलताय काय!

विरळकेशी
विषय साच्यांचा आहे ना? मग टकलाचा साचा चालत नाही का? टकल्या सीझरला मिळालेल्या मानांपैकी सगळ्यात प्रिय काय, तर लॉरेलच्या पानांची माळ कायम डोक्यावर घालायची मुभा, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय. अख्खं रोम मुठीत आणि काळजी भांगाची!

पाटीपेन्सिल
मिनॉक्सिडिल लावून पाहिलंत? मुळात रक्तदाबाचं औषध ते. पेशंटच्या अंगावर केस उगवायला लागले तेव्हा लक्षात आलं.

विरळकेशी
आठ महिने लावलं. थोडे आले. सोडलं तसे आलेलेही गेले.

मध्यममार्गी
सोडलं की जातातच. मी सहा वर्षं लावतोय.

आडवाट
अरे वा! म्हणजे ०.७ वाल्यांचीही बाटली चालू आहे. आणि रडगाणं आमचं.

मध्यममार्गी
वैयक्तिक होऊ नका. मी माझ्या डोक्याला काय लावतो त्याच्याशी तुमचा संबंध नाही.

सांजसावली
संबंध कसा नाही? तुम्ही लावता ती 'काळजी', आम्ही लावतो ते 'नटणं'.

आणि निसर्गच असेल तर फिजीचं सांगा. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा मुलींना विचारलं आणि तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के. आणि अंगाने भरलेलं असणं तिथे चांगलं मानत होते.

मध्यममार्गी
६३ मुली! दुसऱ्या वेळी ६५, आणि त्याही वेगळ्या. एवढ्यावर टीव्हीला फाशी?

आडवाट
बरोबर, नमुना लहान आहे. ही शंका ०.७ वाचताना कुठे गेली होती तेवढं सांगा.

मध्यममार्गी
बरं. तुम्ही बाळं मान्य केलीत, मी चीनची पावलं मान्य करतो. मात्सिगेंका वाचून सांगतो. गुणोत्तर सोडलेलं नाही, उगाच विजयी गुलाल नको.

विरळकेशी
सहा वर्षं म्हणालात. पुढून आले का मागून?

मध्यममार्गी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सांजसावली
बहिणीला हा धागा पाठवला होता. तिचं आत्ता उत्तर आलं: "तुला हुशार कोण म्हणायचं?"