आबाजीचे मेडल आजीनं कोणत्या बाजूनं लावायचे? मदत करा

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो, चुकलं तं सांभाळून घ्या. आमचे आबाजी महार रेजिमेंटमध्ये होते, १५ वर्ष नोकरी करून घरी आले, आता ते नाहीत. तुरीचे पोते ठेवाले मागची खोली खाली करत होतो तं त्यायची काळी पेटी निघाली, आत डिस्चार्ज बुक, एक मफलर अन् डांबरगोळ्यायच्या डब्यात चार मेडल. एक पाच टोकाचा पूर्वी स्टार, एक संग्राम मेडल, एक सैन्य सेवा मेडल ज्याच्या फितीवर हिमालय नावाची पट्टी, अन् एक २५ व्या स्वातंत्र्यदिनाचं. फिती पार विरल्या.

गावात बातमी लागली अन् उपसरपंच म्हणे तुमच्या आबाजीले वीरचक्र होतं तं सांगितलं काऊन नाही, बॅनर छापतो. इकडं शाळेनं २६ जानेवारीले आजीले बोलावलं, मेडल लावून या म्हणे. मोठेबाबा म्हणते डाव्या छातीवरच लावा, फौजी तसेच लावते, पण आजीच्या लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावर, तिकडं लावलं तं दिसणार काय?

अजून दोन भानगडी. डिस्चार्ज बुकात पाच मेडल लिहिले हायेत, ९ साल सर्विसचं गायब. अन् संग्राम मेडलच्या कडेवर कोरलेला नंबर अन् नाव आबाजीचं नाहीच, दुसऱ्याच शिपायाचं हाये. हे कसं काय?

माजी_हवालदार: जय हिंद भाऊ. मी फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटवाला, कामठीले ट्रेनिंग झाली. पहिले बॅनर थांबव. वीरचक्र पराक्रमासाठी एकेकाले नावानिशी मिळते. तुझ्याजवळचे स्टार अन् संग्राम हे त्या लढाईत सामील होते म्हणून मिळालेले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या बाजूनं मोर्च्यावर होते त्यायले पूर्वी स्टार, पश्चिमेकडं होते त्यायले पश्चिमी स्टार, अन् संग्राम मेडल तं मागं राशनच्या गाड्या हाकणाऱ्यायलेही भेटलं. कारगिललेही तसंच, प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात होते त्यायले ऑप विजय स्टार, बाकी ठिकाणी तैनात होते त्यायले ऑप विजय मेडल. यात कमीपणा काही नाही, पण खोटं वीरचक्र छापलं तं आबाजीचंच नाव खराब होते.

ज्याचे मेडल तो डावीकडं लावते. गेलेल्या फौजीचे घरचे लोक उजवीकडं लावतात, म्हणजे पदराचा प्रश्न आपोआपच मिटला. टेलरकडून एका पट्टीवर शिवून घे, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडून पहिले पूर्वी स्टार, मग संग्राम, मग सैन्य सेवा, मग २५ वालं. ९ सालचं सापडलं तं एकदम शेवटी.

कपाशीवाला: ब्रासोनं घासू नको बरं! माह्या काकाजीनं दर दिवाळीले घासघासून कडेवरचं नाव पार सपाट केलं. गहाळ मेडलसाठी डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स लावून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसले अर्ज कर, महारचं मध्य प्रदेशातल्या सागरले हाये, अन् अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तं बरं.

माजी_हवालदार: अन् त्या दुसऱ्या नावाचं म्हणशील तं बराकीत अदलाबदल होते. परेडच्या आधी सगळ्यायचे मेडल एकाच सतरंजीवर पॉलिशले. पहिले घरात विचार.

धागाकर्ता: विचारलं. आजीले नाव वाचून दाखवलं तं चष्मा काढून बसली. म्हणे हा तं दारव्ह्याकडचा, याच्या लग्नाले आम्ही बंडीनं गेलो होतो, बायको अजून हाये त्याची. आता त्यायच्या घरच्या डब्यात आबाजीचं असन का? कापूस वेचाचा राहिला हाये थोडा, पण रविवारी आजीले घेऊन जातो. बॅनरवाल्याले सांगितलं, तो रुसला.