मदत हवी आहे: आईच्या पाककृतींच्या ब्लॉगचा साइडबार आवरायचा आहे

मिरजकर_पुण्यात

नमस्कार मंडळी,

आईचा पाककृतींचा ब्लॉग आहे, ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉगसेवा). २०१० साली मीच काढून दिला. आई मिरजेला, मी पुण्यात. ती वहीत लिहून पानाचा फोटो पाठवते, मी टंकून चढवतो. आजवर २६० च्या वर पाककृती झाल्यात. लेखनाबद्दल काहीच म्हणणं नाही, दुखणं आहे ते उजव्या बाजूच्या पट्टीचं, म्हणजे साइडबारचं.

गेल्या रविवारी मावशीचा फोन. "अरे, चकलीच्या भाजणीचं प्रमाण तुमच्या ब्लॉगवर सापडत नाहीये, आईला विचारून सांग." आता ही पाककृती २०१३ पासून तिथे आहे. मी शोधायला बसलो तर मलाच पाच मिनिटं लागली! शोधखिडकीत 'चकली' टाकलं, पण आईने सगळीकडे 'चकल्या' लिहिलंय. मग महिन्यांच्या यादीत २०१३ उघडलं, ऑक्टोबर उघडला, नाही. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरात होती हे कुणाच्या लक्षात राहणार?

पट्टीत सध्या काय आहे ते सांगतो, हसू नका. सगळ्यात वर घड्याळ. मग आईचा फोटो आणि 'माझ्याविषयी'. त्याखाली एक पांढरा रिकामा चौकोन. इथे पडद्यावर पोहणारे मासे होते. आठवत असतील जुन्या लोकांना, माऊस नेला की मागे यायचे, क्लिक केलं की खाणं पडायचं. आई रोज सकाळी ब्लॉग उघडून त्यांना खायला घालायची. मग भेटींचा आकडा, तोही हल्ली उमटत नाही. मग 'ईमेलने मिळवा'चा डबा, महिन्यांची यादी, लेबलांचा (पाककृतींना लावलेल्या विषयचिठ्ठ्यांचा) ढग, अनुसरण करणाऱ्यांचे फोटो, ब्लॉगसूच्यांचे दोन बिल्ले, एका स्पर्धेचं बोधचिन्ह (उत्तेजनार्थ) आणि 'इतर वाचनीय ब्लॉग' १९. त्यातले निम्मे २०१५ च्या आधीच थंडावलेत.

प्रश्न असा की यातलं काय ठेवू, काय काढू आणि नवं काय घालू? आईचं मत: काहीच काढायचं नाही.

सांडगेमिरची

दादा, आधी तो ब्लॉग फोनवर उघडून बघा आणि पट्टी कुठे दिसते ते इथे सांगा. मी स्वयंपाक करताना फोन डब्याला टेकवून ठेवते, हाताला कणीक असते, करंगळीने पान सरकवते. तुमचं घड्याळ मी आयुष्यात पाहणार नाहीये.

मिरजकर_पुण्यात

बघितलं. पट्टीच नाही! अजिबात नाही. आणि आकडेवारीच्या पानावर पाहिलं तर बहुतेक वाचक अँड्रॉइडवरून येतात. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या लेबलांच्या ढगाचे रंग बदलत बसलो, तो मी आणि आई सोडून कोणी पाहिलाच नाही?

कोडमोड्या

असंच होतं. जुन्या टेम्प्लेटचं (ब्लॉगच्या साच्याचं, हल्ली थीम म्हणतात) मोबाइल रूप पट्टी बहुतांशी गाळून टाकतं. एखादं गॅजेट (पट्टीतला एक डबा) दाखवायचंच असेल तर कोडमध्ये त्याच्या ओळीत मोबाइलपुढे 'येस' लिहावं लागतं. २०१७ साली आलेल्या थीममध्ये (कॉन्टेम्पो, सोहो, एम्पोरिओ, नोटेबल) फोनवर पट्टी तीन आडव्या रेघांच्या मागे जाते. ती तरी किती जण उघडतात? म्हणून माझा नियम साधा आहे: ज्याच्याविना वाचकाचं अडेल अशी एकही गोष्ट फक्त साइडबारमध्ये ठेवायची नाही. पट्टी ही दुसरी वाट, मुख्य दरवाजा नव्हे.

आता मेलेल्यांचा पंचनामा. मासे फ्लॅशवर (ब्राउझरात हलती चित्रं चालवणारं अडोबीचं जुनं तंत्र) चालत होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं, ते मासे परत येत नाहीत. ईमेलचा डबा फीडबर्नरचा, म्हणजे नव्या पोस्ट ईमेलने पाठवणाऱ्या गूगलच्या सेवेचा असणार. ती ईमेल सेवा गूगलने २०२१ च्या जुलैपासून गुंडाळली, त्यामुळे आज कोणी तिथे पत्ता टाकला तर बिचारा वाट बघत बसेल. हा डबा आजच काढा, कारण हा नुसता निरुपयोगी नाही, फसवा आहे. भेटींच्या आकड्याची जोडणी बहुधा जुन्या, असुरक्षित एचटीटीपी पत्त्याची असेल. ब्लॉग सुरक्षित एचटीटीपीएसवर गेला की ब्राउझर असल्या गोष्टी अडवतो.

आणि हो, थीमला हात लावण्याआधी बॅकअप उतरवून घ्या. ज्या गॅजेटमध्ये हाताने काही लिहिलंय ते वेगळं नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवा. थीम बदलताना गॅजेटं गळतात, स्वानुभव आहे.

वेलांटी

लेबलांची यादी इथे टाकता का जरा?

मिरजकर_पुण्यात

थोडीशी टाकतो, ९४ आहेत. उपवास (११), उपास (१४), उपासाचे (३), गोड (२२), गोडाचे (९), पुऱ्या (६), पुऱ्या (४), भाजणी (२), दिवाळी (१७), दिवाळी फराळ (८), आईची आवडती (१)...

पुऱ्या दोनदा कशा ते मलाही कळत नाही. अक्षरशः सारख्या दिसतात.

वेलांटी

सारख्या दिसतात, पण आत सारख्या नाहीत. मराठीतला हा 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. तुम्ही मधे कधीतरी टंकायचं साधन बदललंत ना? संगणकावरून फोनवर आलात की हे हमखास होतं. आपल्या डोळ्यांना एक, यंत्राला दोन. भाकऱ्या, कैऱ्या, कोशिंबिरीतल्या गवाऱ्या, सगळीकडे हाच घोळ निघेल. (गवाऱ्यांची कोशिंबीर करत नाहीत, माहीत आहे, हलके घ्या.)

उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. पोस्टच्या यादीत लेबलनुसार गाळा, आलेल्या सगळ्या निवडा, बरोबर लेबल लावा, चुकीचं काढा. उपवास-उपास-उपासाचे यातलं एकच ठेवा. कोणतं, त्यावर इथे दोनशे प्रतिसाद होतील, म्हणून मी मत देत नाही. ९४ ची पंधरा-सोळा झाली पाहिजेत. ज्या लेबलात एकच पाककृती, ते लेबल कशाला?

आणि मावशींच्या चकलीसाठी: प्रत्येक पाककृतीच्या शेवटी एक ओळ घाला, 'चकली, चकल्या, कडबोळी-चकलीची भाजणी' अशी. एक रोमन स्पेलिंगही टाका. शोधणाऱ्याला मराठीची विभक्ती शिकवत बसण्यापेक्षा हे बरं.

पाटावरवंटा

वेलांटी यांना +१.

मी आपली नुसती वाचणारी, तांत्रिक काही कळत नाही. पण पाककृतीच्या ब्लॉगवर महिन्यांची यादी कशासाठी असते हे मला कधीच उमगलं नाही. रोजनिशी असेल तर ठीक. मला 'मार्च २०१४' नको असतो, 'घरात दुधी आहे आणि कोणाला आवडत नाही' हे हवं असतं. तुमच्या आईंनाच विचारा, त्यांच्या डोक्यात पाककृती कशा लावलेल्या आहेत. माझ्या सासूबाईंच्या वहीत विभाग होते: डब्याचं, उपासाचं, पाहुणे अचानक आले तर, आजारी माणसाला, पिठं-मसाले, वाळवणं. हे विभाग कोणत्याही यंत्राला सुचणार नाहीत. तसे हाताने लिहून एक पान करा आणि त्याचा दुवा सगळ्यात वर द्या.

'लोकप्रिय' असं एक असतं ना, ते छान वाटतं मला.

कोडमोड्या

पाटावरवंटा ताई, अगदी बरोबर. ब्लॉगरमध्ये याला वेगळं 'पान' करता येतं, टॅबांमध्ये लावलं की फोनवरही पोहोचता येतं. पट्टीत त्याच विभागांचे दुवे.

'लोकप्रिय पोस्ट'मध्ये मात्र एक गंमत आहे. ते आजवरच्या वाचनांवर ठेवलं तर उकडीचे मोदक कायम पहिले, शिमग्यातसुद्धा. आणि पहिले दिसतात म्हणून अजून वाचले जातात. तेच गेल्या ७ किंवा ३० दिवसांवर ठेवा, पट्टी आपोआप ऋतूप्रमाणे बदलते. होळीच्या आधी पुरणपोळी वर येते, मे महिन्यात साखरांबा. वाचक थोडे असतील तर ३० घ्या, ७ दिवसांत यादी केविलवाणी दिसते.

घाटमाथा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

सांडगेमिरची

अनुसरण करणाऱ्यांचे फोटो काढू नका हो. मला माहितीये, उपयोग शून्य. पण आईंना ते चेहरे दिसतात. ब्लॉग लिहिणाऱ्याचाही थोडा असतो की नाही? सगळ्यात खाली ठेवा, कोणाच्या पायात येत नाहीत.

कोडमोड्या

असहमत. पण आईंच्या विरोधात मी कोण बोलणार. ईमेलऐवजी व्हॉट्सॲप चॅनेल काढा, त्यात अनुसरण करणाऱ्यांना आईंचा नंबर दिसत नाही. पाककृती चढली की दुवा टाकायचा.

पाटावरवंटा

अवांतर: तुमच्या आईंची वाटी केवढी? 'दोन वाट्या तांदूळ, पाऊण वाटी डाळ' यात माझं नेहमी गाडं अडतं. पट्टीत काही नवं घालायचंच असेल तर हे घाला.

मिरजकर_पुण्यात

(नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार मिरजेत होतो, आईला शेजारी बसवून केलं.

लेबलं ९४ ची १७ झाली. पुऱ्या एकत्र आल्या. महिन्यांची यादी, लेबलांचा ढग, ईमेलचा डबा, आकडा, सगळं गेलं. वाचनीय ब्लॉगांपैकी जे चालू आहेत ते सहा ठेवले. विभाग आईने सांगितले आणि त्यातला एक मला कधीच सुचला नसता: 'उरलेल्याचं'. शिळ्या पोळीचा चिवडा, फोडणीचा भात, वरणाची धिरडी, एकवीस पाककृती निघाल्या. लोकप्रिय ३० दिवसांवर ठेवलंय. फोटो राहिले, सर्वांत खाली. घड्याळही राहिलं. फोनच्या माथ्यावर वेळ दिसते हे मी सांगून पाहिलं, आई म्हणाली, "ती फोनची वेळ, ही माझ्या ब्लॉगची." माशांच्या जागी पट्टीतही शोधखिडकी आली.

पाटावरवंटा ताई, तुमचं अवांतर सगळ्यात कामाचं ठरलं. आईची वाटी पाण्याने काठोकाठ भरून दुधाच्या मापात ओतली, १६० मिली भरली. 'आमची वाटी = १६० मिली' असं मोठ्या अक्षरांत पट्टीत सगळ्यात वर लावलं, प्रत्येक पाककृतीतही टाकायला घेतलं. पंचवीस-तीस झाल्यावर आई म्हणाली, "ही वाटी आपण तुझ्या मुंजीच्या... नाही, घर रंगवलं तेव्हा घेतली. आधीची जरा मोठी होती, ती मामीकडे गेली."

घर २०१६ ला रंगवलं. चकल्या २०१३ च्या आहेत. मामीला फोन लावलाय, ती वाटी शोधतेय.