स्टेडियमच्या कराला 'नाही' कोण म्हणतं?

प्रश्न: एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन काउंटीत चीफ्स (अमेरिकन फुटबॉल) आणि रॉयल्स (बेसबॉल) या कॅन्सस सिटीच्या संघांच्या स्टेडियमसाठीचा, डॉलरमागे ३/८ सेंट विक्रीकर सुमारे ५८ टक्के मतदारांनी नाकारला. चीफ्स तर फेब्रुवारीतच सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकलेले! मग चाहते कुठे गेले?

उत्तर १: चाहतेही 'नाही' म्हणू शकतात की. रॉयल्सचं नवं मैदान क्रॉसरोड्समध्ये, म्हणजे कलादालनं आणि छोट्या धंद्यांच्या भागात येणार होतं. तिथे पायी फिरणाऱ्याला गर्दी नको. उलट मोकळ्या पार्किंगमध्ये शेगडी पेटवून मॅचआधी खात बसणाऱ्याला जुनीच जागा प्यारी.

उत्तर २: आणि मॅच न बघणारे? कर खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला, तोही ४० वर्षं. मी भाड्याने राहतो. माझा हिशेब पुढच्या भाडेवाढीपर्यंतच.

प्रश्नकर्ता: शेगडीवाले माझ्या लक्षातच आले नव्हते!