डूमस्क्रोलिंगला 'वेळ वाया घालवणे' म्हणावं का?

गेल्या महिन्यात कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या एका आरोग्यपत्रकाचं मराठी भाषांतर तपासायला माझ्याकडे आलं. 'डूमस्क्रोलिंग' (वाईट बातम्या एकामागून एक बघत राहणं) या शब्दाच्या जागी भाषांतरकाराने लिहिलं होतं, 'कामाच्या वेळेत मोबाइलवर वेळ वाया घालवणे'. मी ती ओळ खोडली. पण तिथे दुसरं काय लिहायचं ते सुचेना, आणि छपाईची वेळ झाली तेव्हा मूळ शब्दच देवनागरीत ठेवून दिला. पत्रक वाटून झालं, तरी तो शब्द डोक्यातून जात नाही. म्हणून इथे मांडते.

आधी मूळ शब्द. जुन्या इंग्रजीत 'डूम' म्हणजे न्यायनिवाडा. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजणीच्या दफ्तराला 'डूम्सडे बुक' हे नाव पडलं ते यामुळेच: त्यात लिहिलं तो अखेरचा निवाडा, त्यावर दाद नाही. निवाड्यावरून अर्थ सरकला शेवटच्या न्यायाच्या दिवसाकडे, आणि तिथून सर्वनाशाकडे. 'स्क्रोल' म्हणजे भेंडोळं, आणि त्यावरून पडद्यावरचा मजकूर सरकवत जाणं. हे दोन्ही जोडून झालेला शब्द ट्विटरवर २०१८ च्या सुमारास दिसू लागला आणि २०२० च्या साथीत सगळीकडे पोचला. कॅरन हो ही पत्रकार तेव्हा रात्री ट्विटरवर लोकांना आठवण करून देत असे, की आता पुरे, झोपा. त्याच वर्षी ऑक्सफर्डने निवडलेल्या वर्षाच्या शब्दांमध्ये तो आला, आणि ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाच्या समितीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं.

माझी अडचण अर्थ लावण्यात नाही. वाईट बातमीमागून वाईट बातमी बघत राहायचं, त्रास होत असूनही थांबायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. अडचण अशी, की कामाच्या ठिकाणी हा प्रकार घडला की मराठीत आपण लगेच 'टाइमपास', 'कामचुकारपणा', 'मोबाइलचं वेड' हे शब्द काढतो. हे तिन्ही शब्द समोरच्यावर आरोप करतात. मला आरोप न करणारा, पण गोडही न करणारा शब्द हवा आहे.

प्रतिसाद

'कुवार्तासेवन' कसं वाटतं? 'सेवन' मुळे व्यसनाची छटा येते. 'दिनांक', 'महापौर' हे शब्दही सुरुवातीला जड वाटले होते, आज कुणाला अडत नाहीत.

प्रतिसाद

'महापौर' रुळला कारण ते पद होतं, पाटीवर लिहावं लागायचं. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून माणूस जे करतो त्याला 'सेवन' कोण म्हणेल? मी तरी 'स्क्रोल करत बसलो होतो' असंच म्हणतो आणि समोरच्याला नेमकं कळतं. डूमस्क्रोलिंग तसंच राहू द्या.

प्रस्ताव मांडणारी

तुम्ही जाता जाता फार मोलाची गोष्ट लिहिलीत. 'स्क्रोल करत बसलो' यातलं 'बसलो'. आपल्या भाषेत 'वाचलं', 'वाचत राहिलो', 'वाचत गेलो', 'वाचत सुटलो', 'वाचत बसलो' यांत केवढा फरक आहे. 'वाचत गेलो' म्हटलं की पुस्तक रंगलं होतं असं वाटतं. 'वाचत बसलो' म्हटलं की दुसरं काहीतरी करायचं राहून गेलं, आणि ते बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे. 'रडत बसणे', 'कुढत बसणे', 'वाट बघत बसणे'. इंग्रजीला यासाठी नवा जोडशब्द घडवावा लागला. आपल्याकडे अर्धं काम हे साधं सहायक क्रियापदच करतं.

आणखी एक. कार्यालयातल्या एका सहकारी बाईंनी मला सांगितलं होतं, 'अगं, मी बघत नाही, माझ्याकडून बघितलं जातं.' त्या सबब सांगत नव्हत्या. अभ्यासकही याला सवय म्हणतात, निवड म्हणत नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठातल्या भक्ती शर्मा, सुझॅना ली आणि बेंजामिन जॉन्सन यांनी २०२२ साली डूमस्क्रोलिंग मोजण्यासाठी १५ विधानांची एक मापनपट्टी तयार केली. समाजमाध्यमांवरच्या नकारात्मक माहितीकडे लक्ष देत राहण्याची सवय, अशीच त्यांची मांडणी आहे. ऑनलाइन जगाकडे सतत कान लावून बसणं, आणि आपल्याला काहीतरी कळायचं राहून जाईल ही भीती, या दोन्हींशी तिचं जवळचं नातं त्यांना दिसलं. 'बघितलं जातं' हा प्रयोग बाईंना आपोआप सुचला होता, आणि तो अचूक होता.

प्रतिसाद

मी बातम्यांच्या कक्षात रात्रपाळी करतो. युद्ध, अपघात, पूर, जे येईल ते बघणं हेच माझं काम. मग मी आठ तास डूमस्क्रोलिंग करतो असं म्हणायचं का? आपत्ती नियंत्रण कक्षातले लोक, समाजमाध्यमांवरचा हिंसक मजकूर तपासून काढून टाकणारे लोक, यांचं काय? 'कामाच्या वेळेत वेळ वाया घालवणे' ही व्याख्या आमच्यापाशी येऊन मोडते.

प्रस्ताव मांडणारी

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटतं फरक इथेही क्रियापदातच आहे. पाळीवर असताना तुम्ही बातम्या 'बघता', कारण पुढे काहीतरी करायचं असतं: मथळा द्यायचा, खात्री करायची, कुणाला कळवायचं. पाळी संपल्यावर तीच बातमी पुन्हा उघडून तुम्ही 'बघत बसलात' तर ते डूमस्क्रोलिंग. बातमी तीच, बोट तेच. तुम्हीच सांगा, हा फरक आतून जाणवतो का?

प्रतिसाद

जाणवतो. कामावर बातमी हातावेगळी होते. घरी ती हातावेगळी होतच नाही.

प्रतिसाद

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कामाच्या जागेचा संबंध नेमका कुठे येतो हे या चर्चेत यायला हवं.

कामाच्या वेळेत खाजगी कारणासाठी इंटरनेट वापरण्याला 'सायबरलोफिंग' हा जुना शब्द आहे. सिंगापूरच्या विवियन लिम यांचा २००२ सालचा निबंध या विषयात पायाभूत मानतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संस्था आपल्याशी न्यायाने वागत नाही असं ज्यांना वाटतं ते मनातल्या मनात हिशेब मांडतात: मी इतकं जादा राबलो, मग एवढा वेळ माझा. लोफिंगमध्ये वसुली आहे, थोडी मजा आहे, विसावाही आहे. त्याला 'कामचुकारपणा' म्हटलं तर निदान वाद घालता येतो.

डूमस्क्रोलिंगमध्ये कसली वसुली? माणूस स्वतःचा वेळ देऊन विकतचं दुखणं घेतो. २०२१ साली 'प्लॉस वन' या संशोधन-नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात लोकांना अवघी दोन ते चार मिनिटं कोविडसंबंधी ट्विट वा व्हिडिओ बघायला दिले होते. तेवढ्यानेही त्यांची प्रसन्नता आणि आशावाद घसरला. साथीतच लोकांनी एकमेकांशी दाखवलेल्या माणुसकीच्या गोष्टी ज्यांना दिल्या त्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. म्हणजे कामातून घेतलेली पाच मिनिटांची सुट्टी कशी गेली हे तिच्या लांबीवर ठरत नाही.

आणि २०२४ साली 'कॉम्प्युटर्स इन ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात थेट कामाच्या वेळच्या डूमस्क्रोलिंगवर निबंध आला. त्याचा गाभा असा: काम करताना वाईट बातम्या बघत राहणं आणि कामात जीव कमी लागणं यांना जोडणारा दुवा म्हणजे 'रुमिनेशन'. फोन खाली ठेवल्यावर डोक्यात जे चालू राहतं ते. वाया गेलेली मिनिटं हा त्यातला लहान भाग.

रुमिनेशनला आपण वर्गात 'रवंथ' म्हणतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही जनावराचं रवंथच आहे. पण मला तो पुरता पटत नाही. गाय रवंथ करते तेव्हा खाल्लेलं पचतं, त्यातून दूध होतं. इथे काहीच पचत नाही.

प्रस्ताव मांडणारी

मग 'उगाळणे' घेऊ या. 'दुःख उगाळत बसणे' आपण म्हणतोच, आणि पुन्हा तोच 'बसणे' इथेही आला. चंदन उगाळलं तर सुगंध येतो, पण कोळसा उगाळावा तितका काळाच. या विषयावरचे सगळे निष्कर्ष वाचताना मला ही म्हण आठवत होती.

सोफी लरॉय या संशोधक बाईंचा २००९ सालचा निबंध मी या निमित्ताने वाचला. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा एक भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो, हा त्यांचा मुद्दा. तो इथे लावून पाहिला आणि मी थबकले. ॲझा रास्किन या रचनाकाराने २००६ साली इंटरनेटवरच्या न संपणाऱ्या पानाची रचना केली: सरकवत राहावं तसं खाली नवं येतच राहतं. वर्तमानपत्राचं शेवटचं पान असतं, भेंडोळ्याला टोक असतं. या पानाला ते नाही. मग ते कधीही बंद केलं तरी अर्धवटच टाकलेलं असणार. बैठक सुरू झाली, समोरचा बोलतोय, आपण मान डोलावतोय, आणि चित्त थाऱ्यावर नाही. हा दोष बैठकीला उशिरा येण्यात कुठे दिसत नाही, म्हणून कुणी मोजतही नाही. संबंध लावणं माझं आहे, लरॉय यांचं नव्हे. तुम्हाला त्यात चूक दिसली तर जरूर सांगा.

प्रतिसाद

चूक नाही, पण एक भर. न संपणारं पान सगळ्यांनाच मिळालंय, मग वाईटच का वाचलं जातं? २०२३ साली 'नेचर ह्यूमन बिहेवियर' मध्ये अपवर्दी या संकेतस्थळाच्या एक लाखाहून अधिक मथळ्यांचा अभ्यास आला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की त्यावर टिचकी मारण्याचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. मथळे लिहिणाऱ्यांना हे कळतं. त्यामुळे सगळा भार वाचणाऱ्याच्या संयमावर टाकणारा कोणताही मराठी शब्द अन्यायाचा ठरेल.

प्रतिसाद

इतकं वाचून मला 'चाळा' आठवला. आजी म्हणायची, 'काय बोटांचा चाळा लावलायस!' पदराचं टोक पिळत राहणं, नखं कुरतडणं, जखमेवरची खपली काढत राहणं, हे सगळे चाळे. त्यात लबाडी नसते, हाताला लागलेलं असतं. आणि शेजारीच 'चाळणे' आहे: वर्तमानपत्र चाळणे, पानं चाळणे. 'वाईट बातम्यांचा चाळा' म्हटलं तर दोन्ही अर्थ येतील.

प्रस्ताव मांडणारी

हाच! दोन्ही शब्दांत मूळचं हलणं-हलवणं आहे, आणि तिसरं भावंडही आहे: 'झोप चाळवणे'. बोटाचा चाळा, बातम्या चाळणं आणि त्यापायी चाळवलेली झोप, तिन्ही एकाच घरातले शब्द. दुसऱ्या दिवशी कामावर जी मरगळ दिसते तिचा माग याच घरात लागतो.

एक शंका मात्र नोंदवते. 'चाळे करणे' या अनेकवचनी प्रयोगाला दुसराच अर्थ आहे, त्यामुळे पत्रकात एकवचनच हवं. 'चाळा लागणे' हा प्रयोग मला सगळ्यांत योग्य वाटतो, कारण मराठीत जे 'लागतं' ते आपल्याला येऊन लागतं: नाद लागतो, घोर लागतो, ठेच लागते. व्याकरणातच माणूस कर्ता राहत नाही.

प्रतिसाद

कर्ताच उरला नाही तर सुटका कोण करणार? मी चार माणसांच्या कामाची जबाबदारी सांभाळतो. सहानुभूती मलाही आहे, पण 'लागतो' म्हणून सोडून दिलं तर काम कोण करणार?

प्रस्ताव मांडणारी

तुमचा प्रश्न रास्त आहे. पण 'लागलेला चाळा' 'सोडता' येतो हेही मराठीच सांगते: लागणं आपोआप, सोडणं आपण. तुमच्या चौघांपैकी कुणाला तुम्ही 'टाइमपास करू नकोस' म्हणालात तर तो फोन खिशात घालेल आणि डोक्यात उगाळत राहील. तुम्हाला वाटेल तो कामाला लागला. 'कसला घोर लागलाय?' असं विचारलंत तर कदाचित कळेल, की त्याच्या गावाकडे पूर आलाय, किंवा त्याच्या क्षेत्रात नोकरकपातीच्या बातम्या आहेत आणि तो स्वतःचं नाव शोधतोय. शेवटचं असेल तर त्याला माहिती देणारे तुम्हीच असू शकता. ती मिळाली तर फोनमध्ये शोधायचं कारणच संपतं.

प्रतिसाद

हे पटलं. आमच्याकडे दोन आठवडे बदल्यांची कुजबुज होती आणि मी अधिकृत काही सांगितलं नव्हतं. त्या दोन आठवड्यांत सगळेच फोनमध्ये होते. मीसुद्धा.

प्रस्ताव मांडणारी

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघणार आहे. ती ओळ मी अशी पाठवते आहे:

'वाईट बातम्यांचा चाळा, म्हणजे डूमस्क्रोलिंग: त्रास होत असूनही वाईट बातम्या एकामागून एक बघत बसणे, आणि फोन ठेवल्यावरही त्या मनात उगाळत राहणे. काम करताना, जेवणाच्या सुट्टीत किंवा झोपण्याआधी हा चाळा कुणालाही लागू शकतो. कामाबद्दलच्या अनिश्चिततेमुळे तो लागला असेल तर आपल्या वरिष्ठांना थेट विचारा.'

'थेट विचारा'च्या आधी वरिष्ठांसाठीही एक ओळ असावी असं वरच्या प्रतिसादानंतर वाटतंय. 'विचारण्याची वाट न बघता सांगा', एवढीच. आणि 'बघत बसणे' छापील पत्रकात फार बोलीभाषेतलं वाटेल का, हे कुणीतरी सांगा. मला ते काढायचं नाहीये.